रात्री कॅबिनेट भातगिरणीसारखं वाजतं, सासूबाईंची झोप उडालीय. काय करू?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचून जाते, आज पहिल्यांदा विचारतेय. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी शिरोड्याला राहते, वेंगुर्ले तालुक्यात. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली कोबा. घरी बसून वकिलांचे कागद टाइप करते. वाटपाचे दावे, बक्षीसपत्रं, हरकती. कोकणात भावाभावांचे दावे मिटत नाहीत तोवर मला कामाची ददात नाही. दिवसा स्वयंपाक, पोरांची शाळा आणि मरतुकडं व्होल्टेज, म्हणून टायपिंग रात्री साडेनऊनंतर. संगणक माजघरात आहे आणि माजघरातच सासूबाई झोपतात. दुसरी खोली म्हणाल तर ती सध्या आंब्याच्या पेट्यांनी भरलीय.

संगणक २०१७ साली कुडाळात जुळवून घेतलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. प्रोसेसरवर त्याच्याबरोबर आलेलाच पंखा. कॅबिनेटच्या मागे ८० मिलिमीटरचा एक. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पोटात एक. दोन वर्षांपूर्वी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घातली, त्यामुळे हार्ड डिस्कची कुरकुर नाही. म्हणजे वाजतंय ते या तिघांपैकीच कुणीतरी.

शिमग्यापासून आवाज वाढलाय. सुरू केल्यावर पाच मिनिटं बरं असतं, मग घूंऽऽ करून चढत जातं, उतरतं, परत चढतं. मी नुसतं टाइप करतेय, काही जड काम नाही, तरी. सासूबाई पहिल्या आठवड्यात काही बोलल्या नाहीत. मग एका रात्री अंथरुणातून आवाज आला, "तुझी ती गिरण थांबव गो, माका झोप येना नाय." आता घरात त्याला सगळे गिरणच म्हणतात. धाकटा शाळेतून आला की विचारतो, गिरण चालू करू?

आतापर्यंत केलेले उपाय असे. एका दुकानात नेलं, त्यांनी ब्लोअर मारून तीनशे रुपये घेतले. चार दिवस शांत, पाचव्या दिवशी गिरण सुरू. मग नवऱ्याने एका रविवारी (तो गोव्यात कामाला जातो, रविवार हाच त्याचा यंत्रशास्त्राचा वार) मागच्या पंख्याचं स्टिकर सोलून आत घरच्या खोबरेलाचे दोन थेंब सोडले. आवाज खरंच गेला. आठ दिवसांनी परत आला, आणि आता सुरू करताना खर्रर्र असा नवीनच आवाज येतो. कॅबिनेट टेबलावरून जमिनीवर ठेवून पाहिलं. आवाज थोडा दबला, पण मुंग्या आणि लाल माती दोन्ही आत जायला लागल्या, म्हणून परत वर.

नवा पंखा घेऊ का? कुठला? की एसएमपीएसच बदलायचा? की संगणकच? शेवटचं परवडणारं नाही, ते आधीच सांगते. आणि पाऊस तोंडावर आलाय, जे काय करायचं ते त्याआधी.


खाडीपलीकडचा

ताई, लॅपटॉप घ्या आणि मोकळ्या व्हा. वीज गेली तरी काम चालू.


मीठभाकर

लॅपटॉपचे पैसे पाठवता की पेटी पाठवून देऊ आंब्याची बदल्यात? 🙂 मला मोठा कीबोर्ड लागतो हो, दिवसाला तीस-चाळीस पानं असतात.


बागायतदार

खोबरेल चांगलंच असतं, उगाच नवऱ्याला नावं ठेवू नका. आमच्या पंपाच्या मोटरला वडील तेच घालत. परत दोन थेंब सोडा आणि पंखा हाताने फिरवून घ्या.


स्क्रू_चार

खोबरेल परत घालू नका. बागायतदार, राग मानू नका, पण थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं की नाही? २४ अंशांच्या आसपास ते घट्ट व्हायला लागतं, आणि गरम जागी महिनोन् महिने राहिलं की चिकट होतं. त्यात धूळ बसली की बेअरिंगमध्ये डिंक तयार. स्वस्त पंख्यात साधं बुश बेअरिंग असतं, पितळेच्या नळीत दांडा फिरतो आणि मधे तेलाचा पातळ पापुद्रा. तो सुकला की दांडा डुलायला लागतो आणि तुमचा खर्रर्र येतो. शिलाई मशिनचं तेल घातलंत तर काही आठवडे निघतील, पण नळी एकदा झिजली की तेलाने ती परत भरत नाही. गंज सोडवायचा फवारा तर अजिबात नको, तो उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतो. ८० मिलिमीटरचा पंखा अडीचशे-तीनशेला मिळतो, तो बदलाच.

पण मला तुमचा खरा रोग तो वाटत नाही. मागचा पंखा खरखरेल, चढउतार करणार नाही. चढतो-उतरतो तो प्रोसेसरवरचा. आणि नुसत्या टायपिंगला तो चढतोय म्हणजे प्रोसेसर तापतोय.

मी चिपळूणला दुरुस्ती करतो. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर तीन महिने दुसरं काही केलं नाही, चिखलातली कॅबिनेटं धुतली. तेव्हापासून उघडायच्या आधी ऐकायची सवय लागलीय. तुम्ही एवढं करा. वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ. कुठे काय वाजतं ते लिहून ठेवा. मग संगणक बंद करून मागच्या पंख्याची वायर काढा आणि त्याच्याशिवाय पाच मिनिटं चालवा, तेवढ्याने काही बिघडत नाही. प्रोसेसरच्या पंख्याची वायर मात्र काढायची नाही. आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा सेटिंगचा पडदा) जाऊन तापमान आणि पंख्याचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, बघून इथे टाका.

एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा असू शकतो. तो नवऱ्याच्या रविवारच्या यादीत येता कामा नये.


पुणेरी_लांजेकर

वरच्यांनी बरोबर सांगितलंय. आकड्यांची माझी थोडी भर, कारण "सायलेंट पंखा" म्हणून दुकानदार काहीही गळ्यात मारतात.

पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो. कानाला १० डेसिबलचा उतार म्हणजेच निम्मा आवाज वाटतो, मग १५ म्हणजे किती ते बघा. मोठं पातं सावकाश फिरून तेवढाच वारा देतं, म्हणून जागा असेल तिथे १२० मिलिमीटरचा बसवतात. तुमच्या कॅबिनेटला मागे ८० चीच भोकं असणार, ते सोडा.

बायोसमध्ये पंख्याच्या वेगाची रेघ असते, किती तापमानाला किती वेग. बऱ्याच बोर्डांत ती फार घाईची असते. प्रोसेसर क्षणभर ५५ वर गेला की पंखा धावत सुटतो, लगेच परत खाली. माणसाला एकसुरी आवाजापेक्षा असा चढउतार जास्त टोचतो. ६० पर्यंत रेघ सपाट ठेवा, मग हळूहळू चढवा. आणि पंखा चार पिनांचा असेल तर सेटिंग पीडब्ल्यूएमवर (वीज झटपट चालू-बंद करून वेग सांगायची पद्धत) आहे ना ते बघा. त्यात वेगाचा इशारा २५ किलोहर्ट्झवर जातो, तो माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

पण हे सगळं आतलं साफ केल्यावर. तापलेल्या प्रोसेसरचा पंखा हळू करणं म्हणजे ताप आलेल्या पोराला गोधडीत गुंडाळणं.


मीठभाकर

सुरळीचा प्रयोग केला. मजा झाली ती सांगते.

मी 'लोकसत्ता'ची सुरळी कानाला लावून कॅबिनेटला चिकटून बसले होते. मला सगळं एकच घूं ऐकू येत होतं. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन आवाज असत गो ते. एक भोवऱ्याचो आणि एक भुंग्याचो. भोवरो चडता-उतारता. भुंगो एकसारखो." मी म्हटलं, आई, तुम्हीच ऐका मग. त्यांनी सुरळी घेतली, डोळे मिटले, आणि बोट सरळ कॅबिनेटच्या डाव्या पत्र्यावर ठेवलं. भुंगा थांबला. बोट काढलं, भुंगा चालू. परत ठेवलं, थांबला. म्हणजे ते पंख्याचं नव्हतंच, बाजूचा पत्राच थरथरत होता. दोन स्क्रूंपैकी एक गंजून डोकं उडालेलं, तिथे फट. खाली फणसाचं जुनं पोकळ टेबल, तबल्यासारखं.

भोवरा मात्र प्रोसेसरवरचा पंखा. मागच्याची वायर काढली तर फक्त खर्रर्र गेला, भोवरा तसाच.

बायोसचे आकडे: सुरू करून दहा मिनिटं नुसतं बायोसमध्ये ठेवलं, तर प्रोसेसर ८३ अंश, पंखा २५६० आरपीएम. हे जास्त आहे ना?


स्क्रू_चार

खूपच. नुसतं बसून ४०-५० पाहिजे, तुमच्याकडचा उकाडा धरून ५५. शंभराला पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, दुकानात एक खुर्ची रिकामी आहे.

आता उघडायचंच. प्लग काढा, सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेट आडवं झोपवा. हीटसिंकच्या (पंख्याखालचा, पातळ पंखांचा धातूचा ठोकळा) चार कोपऱ्यांना चार काळ्या खुंट्या आहेत, डोक्यावर बाणाची खूण. आधी नुसतं बघा, चारही सारख्या खोल बसल्यात का. हे कूलर खुंट्यांवर अडकवलेले असतात, आणि एखादी सुटली की हीटसिंक त्या बाजूने केसभर उचलला जातो. वरून कळतही नाही. प्रोसेसर तापतो, पंखा धावतो, आणि लोक पंखे बदलत बसतात.

सोडवताना खुंटी बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायची. त्याआधी संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा मधला लेप) कोमट करून घ्या, सुकलेली पेस्ट ओढाल तर ओढाताण होते. सरळ वर खेचू नका, आधी किंचित डावी-उजवीकडे वळवून सुटा करा.

जुनी पेस्ट मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी मधोमध मसुरीच्या दाण्याएवढी. पसरत बसू नका, दाबाने पसरते. परत बसवताना खुंट्या आधी बाणाच्या उलट फिरवून ठेवायच्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबायच्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक् ऐकू आला पाहिजे.

धूळ रंगाच्या मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरलात तर पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरवला की बेअरिंग जातं. तुमच्या दुकानातल्यांनी पातं धरलं होतं का ते मला माहीत नाही, पण चार दिवसांचा गुण बघता पंख्याची वरवरची धूळ उडवली आणि पंख्याखालचा थर तसाच राहिला असं दिसतंय.


मीठभाकर

झालं! शनिवारी रात्री पोरं झोपल्यावर उघडलं. नवऱ्याने विजेरी धरली, हात लावायची परवानगी नव्हती.

पंखा काढला आणि खाली हीटसिंकचे पंख दिसलेच नाहीत. वर एक गादी होती. धूळ म्हणते मी, पण ती घाटावरच्यासारखी भुरभुरीत धूळ नव्हती. लाल माती, मांजरीचे केस, आणि सगळं ओलसर चिकट, नमद्यासारखं एकजीव झालेलं. चिमट्याने उचललं तर अखंड चकती निघाली, भाकरीच्या आकाराची, मधे भोक. त्याच्यावरून ब्लोअर मारला असणार आणि ती गादी जागची हललीसुद्धा नसणार. आईंनी ती चकती बोटांत चुरून बघितली आणि म्हणाल्या, "खारा आसा ह्या." आम्ही मिठाच्या गावातली माणसं. १९३० साली इथे सत्याग्रह झाला तो याच मिठासाठी. पावसात बरणीतलं मीठ कसं पाणी सोडतं ते इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या वर ओल गेली की मीठ तिला ओढून घेतं, आणि आमच्याकडे जूनपासून ओल त्याच्या खाली येते कधी? तेच मीठ वाऱ्याबरोबर पंख्यात जातं, ओलं होतं, आणि माती त्याला धरून बसते. आता कळलं ते ब्लोअरने का उडत नाही.

आणि स्क्रू_चार, तुम्ही म्हणालात तेच निघालं. मागच्या बाजूची उजवीकडची खुंटी वर आलेली होती. अगदी दोन मिलिमीटर. पेस्टही तीन कोपऱ्यांत पातळ आणि त्या कोपऱ्यात जाड, खडूसारखी कोरडी. ती कधी सुटली असेल? मला आठवतं, शिमग्याच्या आधी घर सारवलं रंगवलं तेव्हा संगणक दोनदा इकडून तिकडे उचलला होता, आणि एकदा जरा आपटलाच होता. आपटणाऱ्याचं नाव मी घेत नाही, विजेरी त्याच्याच हातात होती.

एक घोटाळा माझाही झाला. पहिल्या वेळी खुंट्या बाणाच्या उलट फिरवायला विसरले. दाबते, दाबते, टक् काही होईना. बोर्ड वाकायला लागला तेव्हा छातीत धस्स झालं. मग तुमचं परत वाचलं, पेस्ट पुसून पुन्हा नवी लावली, आणि चार टक् नीट मोजून घेतले. चौथा टक् आईंनी मोजला.

पत्र्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कडेने लावल्या, नवा स्क्रू टाकला. कॅबिनेटच्या पायांखाली त्याच ट्यूबच्या चार घड्या. भुंगा गेला. मागचा पंखा वेंगुर्ल्याहून नवीन आणला, दोनशे ऐंशी रुपये. दुकानदाराने बॉल बेअरिंगचा दिला, म्हणाला जरा जास्त वाजतो पण खाऱ्या हवेत टिकेल.

आकडे: बायोसमध्ये दहा मिनिटांनी ४६ अंश, ११०० आरपीएम. टाइप करताना ५० च्या आसपास. पुणेरी_लांजेकर, तुमची रेघही साठपर्यंत सपाट करून ठेवली. तिचा उपयोग झाला की नाही कळत नाही, कारण आता साठला पोचतच नाही.

काल रात्री साडेअकरा वाजता मी एका वाटपाच्या दाव्यातली वंशावळ टाइप करत होते, सहा भाऊ आणि त्यांची एकोणीस मुलं. मागून आवाज आला, "बंद केलंस काय गो?" म्हटलं, नाही आई, चालूच आहे. थोडा वेळ काही नाही. मग, "मगे वीज गेली काय?"

आता पावसाचं सांगा. दर वर्षी जुलैत आठ-आठ दिवस काम नसतं तेव्हा झाकून ठेवते. नवरा म्हणतो आत तांदळाची पुरचुंडी ठेवू, मिठाच्या बरणीत ठेवतो तशी.


स्क्रू_चार

छान केलंत. पहिल्याच खेपेला खुंट्या बसवणारे कमी असतात, माझ्याकडचा पोरगा अजून चुकतो.

झाकून ठेवू नका. प्लास्टिकच्या आवरणात ओल कोंडते. काम नसलं तरी रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. लांब वीज गेली आणि संगणक चार-पाच दिवस बंद राहिला तर सुरू करायच्या आधी बाजूचा पत्रा काढून तासभर टेबलफॅनसमोर ठेवा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि इंटरनेटची वायरसुद्धा काढा, ती लोक विसरतात. ब्रश दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा.

तांदूळ नको. गेल्या वर्षी इथल्या एका मास्तरांच्या कॅबिनेटातून मी मूठभर तांदूळ आणि वारूळभर मुंग्या काढल्यात.